चाकावरचा ठिपका आणि तीन चकत्या

सायकलच्या टायरवर खडूने एक ठिपका काढा आणि मित्राला ती सरळ रस्त्याने सावकाश ढकलत न्यायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहून फक्त ठिपक्याकडे पाहा. चाक गोल फिरते, तेव्हा ठिपकाही गोल फिरताना दिसेल असे वाटते. पण रस्त्यावर उभे असलेल्याला तसे दिसत नाही. ठिपका जमिनीवरून सरळ वर उठतो, पुढे झुकत माथ्यावर जातो आणि तसाच उतरून पुन्हा जमिनीला टेकतो. कमानीमागून कमान! टेकतो त्या क्षणी तर तो मुळीच हलत नसतो. या वक्राला चक्रज म्हणतात. सायक्लॉइड हे त्याचे नाव गॅलिलिओने ठेवले.

आता हा वक्र कागदावर उतरवू या. जाड पुठ्ठ्याची ७ सें.मी. व्यासाची चकती कापा आणि तिच्या कडेला पेन्सिलीचे टोक जेमतेम बसेल अशी खाच करा. कागदावर पट्टी घट्ट धरून चकती तिच्या कडेने गडगडत न्या. चकती घसरता कामा नये. आमची पहिली चकती इतकी घसरली, की कमान २० सें.मी.तच आटोपली! पट्टीच्या कडेला पॉलिशपेपर चिकटवला तेव्हा जमले. चकतीचा परीघ २२ सें.मी., म्हणून कमानीचा पाया २२ सें.मी. आणि उंची ७ सें.मी. यायला हवी.

या कमानीखाली जागा किती? गॅलिलिओला सूत्र सापडेना, तेव्हा त्याने कमान आणि वर्तुळ कापून चक्क तोलून पाहिले. कमान वर्तुळाच्या सुमारे तिप्पट भरली. पण नेमकी तिप्पट नसावी, अशी शंका घेऊन त्याने तो नाद सोडला. तराजूने दिलेले उत्तर बरोबर होते. ते बरोबर आहे हे सांगणे मात्र तराजूच्या हाती नव्हते.

ते पॅरिसमधल्या रोबेर्वालने १६३४ च्या सुमारास सिद्ध केले. त्याची युक्ती शाळेतल्या भूमितीने समजते. कमानीचा डावा अर्धा भाग घ्या. तो ११ × ७ सें.मी.च्या आयतात बसतो. आयताचे क्षेत्रफळ ७७ चौ.सें.मी.; चकतीचे ३८.५. म्हणजे आयत दोन चकत्यांएवढा.

पहिल्या अर्ध्या फेऱ्यात ठिपका नेहमी चकतीच्या केंद्राच्या मागे असतो. त्याला त्याच उंचीवर आडवा सरकवून केंद्रातून जाणाऱ्या उभ्या रेषेवर आणा. असे सरकवलेले बिंदू मिळून एक दुसरा वक्र तयार होतो. तो आयताच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जातो. ठिपका खालून जसा चढू लागतो, त्याच्या नेमक्या उलट क्रमाने तो माथ्याला पोचतो; म्हणून हा वक्र आयताचे दोन सारखे भाग करतो. त्याच्याखाली एक चकती बसली.

उरली दोन वक्रांमधली फट. एखाद्या उंचीवर ती किती रुंद? ठिपका केंद्राच्या उभ्या रेषेपासून जितका मागे तितकी. म्हणजेच चकतीच्या त्या उंचीवरच्या आडव्या जीवेच्या निम्मी. प्रत्येक उंचीवर फट अर्ध्या चकतीइतकीच रुंद, तेव्हा तिचे क्षेत्रफळही अर्ध्या चकतीइतकेच. एक आणि अर्धी मिळून दीड. दोन्ही बाजूंच्या मिळून तीन चकत्या, ११५.५ चौ.सें.मी. नेमके तीन!

गंमत अशी, की रोबेर्वालने ही सिद्धता लपवून ठेवली. त्याच्या प्राध्यापकपदासाठी दर तीन वर्षांनी स्पर्धा होई आणि प्रश्न त्यानेच काढायचे असत. मग असा हुकमी प्रश्न कोण उघड करील? पुढे १६४४ मध्ये गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेली याने आपली सिद्धता छापली, तेव्हा रोबेर्वालने त्याच्यावर चोरीचा आरोप केला. लपवण्याची किंमत त्याला अशी मोजावी लागली.

तुम्हीही कमान त्याच पुठ्ठ्यातून कापा. प्रयोगशाळेतल्या तराजूच्या एका पारड्यात ती ठेवा, दुसऱ्यात तीन चकत्या. वजने लागणारच नाहीत.

मग कमानीच्या वक्र कडेवर दोरा नीट बसवून तो मोजा. २८ सें.मी. भरेल, व्यासाच्या चौपट. हे लंडनच्या क्रिस्टोफर रेनने १६५८ मध्ये शोधले. चाकाचा परीघ काढताना पाय ही संख्या लागतेच. इथे मात्र तिचा मागमूसही नाही.