कंसातली नावं, वर्तुळातले आकडे

मुळशी तालुक्यात हिंजवडी-माणच्या काचेच्या इमारती आहेत आणि ताम्हिणीकडची भातखाचरंही. दोन्हींखालच्या जमिनीची हकीकत सातबाऱ्याच्या त्याच रकान्यांत लिहिलेली असते. गेल्या वीसेक वर्षांत हे रकाने संगणकात गेले. त्यातलं टंकलेखन मला सोपं वाटतं. तलाठ्याच्या नजरेला आपसूक कळणारं यंत्राला कळेल असं मांडणं, हे खरं अवघड काम होतं.

हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाला कंस पडला की त्या माणसाचा हक्क संपला. नावाशेजारी वर्तुळातला आकडा असे, तो फेरफाराचा. खरेदी, वारस की वाटप, कशामुळे नाव लागलं ते नमुना सहात, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीत, जाऊन वाचायचं. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन हवी असेल तर आठ-अ. तक्ता वरून सपाट दिसे. आत माणूस, खातं, जमीन, हक्क आणि हक्काचं कारण अशा पाच वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. संगणकासाठी त्या सुट्या करून पुन्हा जोडाव्या लागल्या.

सगळ्यांत जास्त कस लागला तो ‘इतर हक्क’ या रकान्यात. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट, पुनर्वसनासाठी राखीव असा शेरा, सगळं एकाखाली एक. कर्ज फिटलं की बोजा उतरतो. कुळाचा हक्क तसा उतरत नाही, त्यामागे 1948चा कूळकायदा उभा असतो. दोन्ही नोंदी ‘शेरा’ म्हणून एकाच साच्यात भरल्या तर कागद नीट दिसेल, पण अर्थ हरवेल. धरणासाठी जमिनी गेल्या म्हणून 1921पासून सत्याग्रह केलेल्या या तालुक्याला अशा नोंदींच्या अर्थाचं मोल वेगळं सांगायला नको.

दुसरा गुंता नावांचा. एकच माणूस कुठे आडनावासह, कुठे नुसत्या वडिलांच्या नावाने. मग त्याची दोन खाती. सामाईक खात्यात कोणाचं क्षेत्र किती हे कित्येकदा लिहिलेलंच नसे. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळते का, ही साधी तपासणी लावली आणि वर्षानुवर्षांच्या चुका वर आल्या. 2017मध्ये चावडीवाचन झालं, लोकांनी हरकती घेतल्या, कलम 155खाली दुरुस्तीचे आदेश निघाले. या साऱ्या कामात मला चावडीवाचन सर्वांत मोलाचं वाटतं, कारण रकान्याचा अर्थ तिथे ज्याची जमीन त्याला विचारला गेला.

1 मे 2018ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. 2020च्या नव्या नमुन्यात गावाचा संकेतांक, प्रलंबित फेरफार, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख आली. 2021पासून ई-पीक पाहणीमुळे पिकांच्या नोंदीचा नमुना बारा शेतकरी स्वतः भरू लागला.

नकाशा मात्र मागे आहे. सातबाऱ्यावर पोटहिस्से पडले, पण त्यातल्या कित्येकांची मोजणीच झालेली नाही. हद्द ठरते ती बांधावरून आणि भावाभावांच्या बोलण्यावरून. पिरंगुट-भूगावसारख्या गावांत गुंठ्यागुंठ्याचे व्यवहार होत असताना प्रत्येक हिश्श्याची ओळ नकाशातल्या त्याच्या तुकड्याशी जोडणं, हे काम आता सर्वांत आधी हाती घ्यायला हवं.