तुळशी चार, वास चार

वृंदावनातली तुळस, सब्जा, रानतुळस आणि कापूरतुळस यांची पाने एकामागोमाग चुरडून पाहा. चारही झाडे एकाच गोतातली, पण वास वेगळे. रानतुळशीत लवंगेची झाक ठळक, तर कापूरतुळशीत नावाप्रमाणे कापूर. असे का होते, याचा जनुकांच्या पातळीवर शोध घेतला तो पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील (एनसीएल) संशोधकांनी. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

लवंगेसारखा वास येतो तो युजेनॉल या द्रव्यामुळे. दंतवैद्य दातात भरण्याच्या सिमेंटमध्ये वापरतात तेच हे द्रव्य. पानांवरील सूक्ष्म ग्रंथींत ते तयार होते. तयार करण्याची शेवटची पायरी पार पाडते ‘युजेनॉल सिंथेज’ हे विकर, म्हणजे एन्झाइम. त्याचा आराखडा जनुकात असतो. संशोधकांनी चारही जातींतून हे जनुक वेगळे करून त्याचे काम तपासले. जनुक चौघींकडेही आहे, तरी युजेनॉल सर्वाधिक रानतुळशीत. म्हणजे नुसते जनुक असून भागत नाही. ते किती जोमाने काम करते आणि आधीच्या पायऱ्यांवरून कच्चा माल किती येतो, यावर तेलाचा कस ठरतो.

पिझ्झावर भुरभुरल्या जाणाऱ्या थाइमची गोष्टही अशीच. थाइम तुळशीच्याच कुळातले. दक्षिण फ्रान्समध्ये रानात वाढणाऱ्या या एकाच जातीत तेलाचे सहा प्रकार आढळतात आणि ते आनुवंशिक असतात. एका झुडपात थायमॉल, तर दुसऱ्यात लिनालूल. थायमॉल हे नाव थाइमवरून आलेले असले, तरी आपल्याकडे ते ओव्यातून ओळखीचे आहे. ‘ओव्याची फुले’ म्हणून मिळणारे स्फटिक थायमॉलचेच. ओवा मात्र कोथिंबिरीच्या कुळातला. म्हणून कूळ पाहून तेल ओळखता येत नाही, आणि एक जात म्हणजे एकच तेल असेही नाही.

सुगंधी वनस्पतींची लागवड करणाऱ्या शेतकऱ्यासाठी हा फरक पैशांचा आहे. तुळशीत परपरागीकरण होते, त्यामुळे बियांपासून आलेली रोपे आईसारखीच निघतील याची खात्री नसते. फांदी लावून केलेल्या रोपात मूळ झाडाचीच जनुके उतरतात. जनुकांच्या खुणा माहीत झाल्या, तर चांगल्या तेलाचे रोप लहानपणीच निवडता येईल आणि एक हंगाम वाया जाणार नाही.

घरात लक्षात ठेवण्याची बाब वेगळी आहे. चहात टाकलेली चार पाने आणि बाटलीतले तेल यांत मोठे अंतर आहे. लवंगेचे किंवा तुळशीचे तेल म्हणजे अतितीव्र अर्क. युजेनॉल जास्त प्रमाणात पोटात गेले, तर यकृताला इजा होऊ शकते आणि लहान मुलांना धोका अधिक. त्यामुळे असे तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात घेऊ नये आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.