कुठला दिवा गेला?

इस्लामपुरातलं आमचं जुनं घर ऐसपैस होतं. पुढं सोपा, आत माजघर, वर माडी, मागं परडं आणि परड्याच्या कडेला म्हशींचा गोठा. या घराचं वायरिंग मात्र तीन वायरमननी तीन वेगवेगळ्या साली केलेलं. सोप्यातल्या लाकडी बोर्डावर चिनीमातीचे आठ पांढरे फ्यूज होते. त्यातला कुठला कुणाचा, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

एका रविवारी आप्पांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, याचा छडा लावायचं ठरवलं. घरातले सगळे दिवे, पंखे, रेडिओ चालू केले. आम्हा पोरांना एकेका खोलीत उभं केलं. मग एक फ्यूज उपसला आणि हाळी दिली, "कुठला गेला रं?"

"माडीचा!" वरून चुलतभाऊ ओरडला.

आप्पांनी बोर्डावर खडूनं लिहिलं, 'माडी'. फ्यूज परत बसवला. पुढचा उपसला. (तुम्ही बोर्डाला हात लावायचा नाही हं. आप्पांनाही त्या दिवशी एक झटका बसलाच.)

आता गंमत ऐका. आप्पांची हीच युक्ती शास्त्रज्ञ उंदरांवर वापरतात. आणि ती काही फक्त परदेशातच चालत नाही. इस्लामपुरातून पेठ नाक्याला हायवे धरायचा, कराड, सातारा, खंबाटकी घाट करत पुणं गाठायचं. तिथं पाषाणला आयसर नावाची संस्था आहे. तिच्यात एक खास केंद्र आहे. नाव लांबलचक आहे, 'नॅशनल फॅसिलिटी फॉर जीन फंक्शन इन हेल्थ अँड डिसीज', पण काम आप्पांचंच: जनुकाचा एकेक फ्यूज काढायचा आणि कुठला दिवा जातो ते बघायचं.

जनुक म्हणजे शरीर घडवायच्या आणि चालवायच्या सूचनांमधली एक सूचना. उंदरात अशी वीस हजारांच्या वर जनुकं असतात, आपल्यातही जवळपास तेवढीच. आणि खरा धक्का पुढंच आहे. त्यातली बहुतेक दोघांची सारखीच! गुळाच्या ढेपेला भोक पाडणारा तो चिमुकला प्राणी आणि आपण, आतल्या वायरिंगच्या बाबतीत लांबचे भाऊबंदच. शिवाय त्याची पिल्लं वीसेक दिवसांत जन्मतात आणि दोन महिन्यांत स्वतः आईबाप होऊ शकतात. हत्तीवर हा प्रयोग करायचा तर शास्त्रज्ञ म्हातारा होईल.

पण जनुकाचा फ्यूज काढायचा कसा? त्याला मूठ थोडीच असते!

आधी उंदराचं अंडं घ्यायचं, नुकतं फळलेलं, एकाच पेशीचं. केवढं असतं? राजगिऱ्याचा एक दाणा घ्या. त्याच्यावर अशी दहा अंडी एका रांगेत सहज बसतील. सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूनं काचेची बारीक नळी ते अंडं अलगद ओढून धरते. दुसऱ्या बाजूनं केसाहून कितीतरी बारीक काचेची सुई आत शिरते आणि एक इवलीशी कात्री सोडून येते. कात्री लोखंडाची नव्हे, प्रथिनाची. तिचं नाव कॅस-नाइन. तिच्यासोबत एक वाटाड्याही असतो, तो तिला नेमक्या जनुकापाशी नेतो. तिथं जनुकं ज्यावर लिहिलेली असतात तो डीएनएचा धागा कचकन कापला जातो. या कात्रीच्या तंत्राला क्रिस्पर म्हणतात. ती हवी तिथं नेता येते हे 2012 साली दाखवून देणाऱ्या इमॅन्युएल शार्पांतिये आणि जेनिफर डाउडना यांना 2020 साली नोबेल मिळालं.

धागा तुटला की पेशी घाबरीघुबरी होऊन तो जोडायला धावते. घाईत एखादं अक्षर गळतं. एका अक्षरानं काय होतं म्हणता? पेशी जनुकाची अक्षरं तीन-तीन करून वाचते. हे वाक्य तसंच वाचा:

बबन गरम जिलबी उचल.

आता फक्त 'ग' काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा:

बबन रमजि लबीउ चल.

संपलं! बबन बिचारा जिलबीविना बसला. जनुकाचंही असंच होतं. पुढची सगळी सूचना बडबड होऊन जाते आणि फ्यूज निघतो.

मग ते अंडं दुसऱ्या एका उंदरीण आईच्या पोटात ठेवतात. यथावकाश गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली पिल्लं जन्मतात. ती थोडी मोठी झाली की कानाचा किंवा शेपटीच्या टोकाचा बारीकसा तुकडा घेऊन आतला डीएनए वाचतात. सगळ्या पिल्लांत काम जमलेलं नसतंच.

क्रिस्परच्या आधी हे फार किचकट होतं. असा ठरवून फ्यूज काढलेला पहिला उंदीर 1989 साली जन्मला, आणि त्यामागच्या शोधासाठी मारिओ कॅपेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना 2007 चं नोबेल मिळालं. त्यातले स्मिथीज मला फार आवडतात. लहानपणी त्यांची आई बाबांच्या शर्टांना खळ करायची आणि ती थंड झाली की घट्ट व्हायची, एवढ्या आठवणीवरून त्यांनी 1955 साली खळीच्या थरातून प्रथिनं वेगळी करायची रीत काढली.

त्याच्याही आधी काय करायचे? निसर्गानंच फ्यूज उडवलेला उंदीर सापडायची वाट बघायचे, नाहीतर पिढ्यानपिढ्या भाऊ-बहिणींच्या जोड्या लावून एकसारखे उंदीर तयार करायचे. अशा वीस पिढ्या झाल्या की घराणं पक्कं! पुण्यात 1917 साली जन्मलेल्या कमल रणदिवे मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवरच काम करायच्या. काही घराण्यांतल्या माद्यांना स्तनाचा कर्करोग वारंवार का होतो, याचा त्या शोध घेत होत्या. कात्री नव्हती तेव्हा, नुसती चिकाटी.

निसर्गानं उडवलेल्या फ्यूजची एक गोष्ट सांगतोच. 1949 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत एक उंदीर दिसला, सारखा खात सुटलेला, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वजनाचा. त्याचं कुठलं जनुक बिघडलंय हे कळायला 1994 साल उजाडलं! अंगात पुरेशी चरबी साठल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन नावाचं प्रथिन त्याच्या अंगात तयारच होत नव्हतं. पुढं 1997 साली इंग्लंडमध्ये दोन चुलत भावंडं आढळली. आठ वर्षांच्या मुलीचं वजन 86 किलो, आणि काही केल्या भूक भागेना. त्यांचंही तेच जनुक बिघडलेलं. लोक त्यांना खादाड म्हणत असतील, पण दोष जिभेचा नव्हताच, फ्यूजचा होता. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर ती भूक आटोक्यात आली.

काही फ्यूज मात्र मेनचे असतात. ते काढले की पिल्लू जन्मतच नाही. तपासलेल्या जनुकांतलं चारातलं साधारण एक असं निघतं. अशा वेळी शास्त्रज्ञ फ्यूज फक्त एका खोलीतला काढतात, म्हणजे जनुक बंद करायचं, पण नुसत्या यकृतात किंवा नुसत्या मेंदूत.

उंदरांना यात त्रास होत नाही का? होतो, काही प्रयोगांत पुष्कळ होतो. खोटं कशाला सांगू? म्हणूनच आपल्याकडं प्रत्येक प्रयोगाला समितीची परवानगी लागते, आणि उंदराविना भागत असेल तर उंदीर वापरायचाच नाही, असा दंडक आहे. हे प्रकरण मला अजूनही अवघड वाटतं.

आणि कधीकधी फ्यूज काढला तरी काहीच होत नाही! उंदीर मजेत खातो, पळतो. मग त्याला चाकावर पळवून बघतात, थंडीत ठेवतात, रक्तातली साखर मोजतात, ऐकू येतं का तपासतात. कुठला तरी दिवा गेलेला असतो, पण त्या खोलीत कुणी उभं नसतं.

आमच्या आठव्या फ्यूजचं तसंच झालं. आप्पांनी तो उपसला, हाळी दिली, सगळ्या खोल्यांतून उत्तर आलं, "न्हाई गेला!" पंखे फिरत होते, रेडिओ गात होता. आप्पांनी बोर्डावर 'फुकट' असं लिहिलं आणि तो फ्यूज खिशात टाकून ते पारावर गेले.

संध्याकाळी आजी कडबा कापायला गोठ्यात गेली. तिनं कुट्टीच्या मशीनचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग तिनं आप्पांच्या नावानं अशी काही हाळी दिली, की पारापर्यंत ऐकू गेली.