दाण्यापलीकडची जीवदया

दिंद्रुडसारख्या बाजारगावात दुकानाची फळी उघडली की तराजूला हात लावण्यापूर्वी ओट्यासमोर ओंजळभर ज्वारी टाकण्याची रीत अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. वडीलधारी मंडळी सांगतात, पूर्वी त्या दाण्यांवर चिमण्यांचा थवा उतरत असे. आज उतरतात ते मुख्यतः पारवे. दाणा तोच, हातही त्याच घराचा. पाहुणे मात्र बदलले.

असे का व्हावे? मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर, भिंतींत कोनाडे, फटी. चिमणीला घरटे बांधायला याहून अधिक काय हवे? माळवदे पाडून सिमेंटचे स्लॅब आले आणि तिची जागा गेली. पारवा हा मुळात कड्याकपारींत राहणारा पक्षी. त्याला सिमेंटचे सज्जे म्हणजे आयते कडेच मिळाले.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना प्रामुख्याने अळ्या नि किडे भरवते. झाडझुडूप नसेल तर अळी नाही, अळी नसेल तर पिलू जगत नाही. मग दारात दाण्यांची रास का असेना! पारव्याचे तसे नाही. नर-मादी दोघांच्याही अन्नपिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो आणि पिलांचे पहिले दिवस त्यावरच निघतात. दाणे मिळाले की त्याचे कुटुंब चालते. म्हणून मोकळ्या फरशीवर टाकलेले धान्य बहुधा एकाच पक्ष्याचे पोषण करते.

जुलै २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांवर महापालिकेने कारवाई सुरू केली, तेव्हा आपल्या समाजात मोठी खळबळ झाली. श्रद्धेचा प्रश्न होता आणि कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांना होणाऱ्या आजारांचाही. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु ज्या दादरमध्ये तो वाद पेटला, तेथून थोड्याच अंतरावर माहीमला एक वेगळा प्रयोग कित्येक वर्षे शांतपणे चालू आहे, त्याची चर्चा त्या गदारोळात क्वचितच झाली.

धारावीलगत, मिठी नदीच्या काठी असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणजे एके काळचा शहराचा उकिरडा. सुमारे ३७ एकर जागा, खाली वर्षानुवर्षांचा कचरा. त्यावर माती पसरून झाडे लावली गेली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. तेथे कोणी पोत्याने धान्य ओतत नाही. झाडे आहेत, पावसाचे साठवलेले पाणी आहे, कुजू दिलेला पालापाचोळा आहे, एका अंगाला खारफुटी आहे. एवढ्यावर शंभराहून अधिक जातींचे पक्षी तेथे नोंदले गेले. फुलपाखरेही अनेक जातींची. शाळांची मुले येतात, तांबट आणि दयाळ यांना नावाने ओळखू लागतात. अनोळखी जिवाबद्दल कळवळा वाटणे तसे कठीणच.

आपल्याकडे पाणी गाळून घेण्याचा जो आचार आहे, त्याचा उत्तरार्ध येथे आठवतो. गाळणीवर राहिलेले जीव कुठेही फेकायचे नाहीत. ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत त्यांना परत सोडायचे. नुसते मारायचे नाही एवढेच नव्हे, तर ज्याचे घर त्याला परत द्यायचे, इतका बारीक विचार त्यात आहे.

दिंद्रुडला ३७ एकर नकोत. शाळेच्या, मंदिराच्या किंवा वखारीच्या आवारातला एक कोपरा फरशीवाचून ठेवता येईल. तेथे बोर, बाभूळ, कडुनिंब यांसारखी याच मातीतली झाडे लावावीत आणि खालचे गवत रोज खरडून काढू नये. (स्वच्छतेच्या नावाखाली आपण अळ्यांचे किती संसार जाळतो, याची मोजदाद कोण करतो?) उन्हाळ्यात पाण्याचे उथळ परळ सावलीत ठेवावे, रोज घासून ताजे पाणी भरावे, नाहीतर त्यात डासांची पैदास होते. नव्या घराच्या वळचणीला चिमणीपुरते भोक असलेले मडके टांगावे. मुलांच्या हाती वही द्यावी. कोणत्या दिवशी कोणता पक्षी दिसला, एवढेच त्यांनी लिहावे.

आणि सकाळची ओंजळ? ती राहू द्यावी. फक्त मूठभर, आणि शक्यतो झाडाखाली.