माशांच्या खाद्यांत लसूण व आघाडा

खाप्याच्या आसपास कन्हानच्या पात्रांत मासे धरण्याचा धंदा ढीवर लोकांचा. कास्तकारानें आपल्या शेतांत मासे पाळावे ही चाल या भागांत अलीकडची होय. सन २०१६ मध्यें सरकारनें 'मागेल त्याला शेततळें' ही योजना काढली, तेव्हांपासून ज्या कोपऱ्यास आपण पोटखराबा म्हणून सोडून देत होतों तेथें अनेकांनीं तळीं खणिलीं. पाणी आहेच, तर त्यांत रोहू, कटला व मृगळ सोडावे, असें कित्येकांस वाटूं लागलें.

परंतु ढोर आजारी पडलें तर त्यास औषध पाजतां येतें. माशास पाजणार कसें? अंगावर तांबडे डाग पडून खवले गळूं लागले म्हणजे बहुधा एरोमोनास नांवाच्या जंतूचा उपद्रव झालेला असतो, आणि तो दिसून येईपर्यंत वर्षाचें उत्पन्न हातचें जाण्याची वेळ आलेली असते. जंतुनाशक औषधें खाद्यांतून द्यावीं, तर क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांस मत्स्यपालनांत बंदी आहे. इतर औषधांचा अंश मांसांत राहतो, व जंतूही त्यांस सरावतात. म्हणून रोग होण्यापूर्वींच माशाची शक्ति वाढविणें हा मार्ग राहतो, व त्यास लागणाऱ्या वनस्पति आपल्या दारींच आहेत.

भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथें गोड्या पाण्यांतील मत्स्यपालनाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनीं रोहूच्या पिलांस किलोभर खाद्यांत १, ५ व १० ग्रॅम याप्रमाणें लसूण ६० दिवस चारिला, आणि मग त्यांस वरील जंतूची बाधा करविली. लसूण न खाल्लेल्या माशांपेक्षां खाल्लेले मासे अधिक वांचले. हे निष्कर्ष सन २००७ मध्यें प्रसिद्ध झाले. बांधावरचा आघाडा आपण तण म्हणून उपटून टाकतों. पण त्याच्या बियांचेंही असेंच फळ रोहूवर दिसून आलें आहे. तेथें मात्रा किलोस ५ ग्रॅमपर्यंत होती. या पदार्थांनीं माशाच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी जंतूस गिळण्यास अधिक तत्पर होतात. हळद व तुळस यांवरही प्रयोग झाले आहेत.

आतां खर्च पहा. ३० मीटर लांब व तितक्याच रुंद तळ्यांत पाव किलोचे ५०० मासे असले, तर त्यांचें वजन १२५ किलो. शेंकडा २ प्रमाणें रोजचें खाद्य अडीच किलो, व त्यास किलोस ५ ग्रॅमप्रमाणें लसूण साडेबारा ग्रॅम. महिन्यास पावणेचारशे ग्रॅम. याच कामाकरितां बाजारांत रंगीत डब्यांतून जें कांहीं विकलें जातें, त्याची किंमत व घटक वाचून मगच पैसे मोजावे.

लसूण ठेचून दहा मिनिटें तसाच ठेवावा, कारण त्याचें तीव्र तत्त्व ठेचल्यावरच तयार होतें. तो शिजवूं नये. कोंडा व भुईमुगाची ढेप यांस मक्याच्या पिठाची पेज घालून मळावें, व गार झाल्यावर लसूण मिसळावा. गोळे पाण्यांत भिरकावूं नयेत. टोपलींत ठेवून टोपली पाण्यांत सोडावी, म्हणजे किती खाल्लें तें कळतें.

हें कळणें महत्त्वाचें आहे. आजारी मासा प्रथम खाणें सोडतो. तेव्हां रोग जडल्यावर लसूण चारणें व्यर्थ. थंडींतही त्याचें खाणें कमी होतें आणि अंगावर व्रण पडण्याचा रोग बहुधा त्याच दिवसांत बळावतो, म्हणून आश्विनापासूनच आरंभ करावा. पहाटे मासे पृष्ठभागीं येऊन तोंड वासूं लागले, तर दोष पाण्यांतील प्राणवायूच्या तुटीचा आहे. तेथें खाद्य बंद ठेवून ताजें पाणी सोडावें.

वनस्पति म्हणजे निरुपद्रवी असेंही समजूं नये. मोहाची ढेप हेक्टरी २,५०० किलो, मीटरभर पाण्यांत टाकली, तर तळ्यांतले सर्व मासे मरतात; नको असलेले मासे काढण्यास ती मुद्दाम वापरतात, व नंतर १५ ते २० दिवस नवें बीज सोडतां येत नाहीं. कडुनिंबाचा अर्कही अधिक झाल्यास माशास मारक आहे. अंदाजानें मूठभर पाला टाकणारांनीं हें ध्यानांत धरावें.

मासे मरूं लागलेच, तर नागपुरास मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. तेथें मेलेला नव्हे, तर आजारी पण जिवंत मासा तळ्याच्याच पाण्यांत घालून न्यावा, व त्या पाण्याची एक बाटली निराळी भरून सोबत घ्यावी.