रोज दहा मिनिटे ध्यान : सुरुवात कशी करावी?



मागील पालक सभेत एक सूचना आली. मुलांचे लक्ष अभ्यासात राहात नाही, तेव्हा शाळेत रोज ध्यानाचा तास सक्तीचा करावा, असे काही पालकांचे म्हणणे होते. दुसऱ्या काही पालकांनी विचारले, दहावीचे वर्ष असताना डोळे मिटून बसण्यात वेळ का घालवायचा? दोन्ही बाजू मुलांच्या काळजीपोटीच बोलत होत्या. या लेखात आम्ही त्या दोघांनाही उत्तर देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

प्रथम, ध्यान म्हणजे काय? मन एका ठिकाणी लावणे आणि ते तेथून निघून गेले की पुन्हा तेथे आणणे, एवढाच त्याचा साधा अर्थ. ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. श्री ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या सहाव्या अध्यायात ध्यानासाठी जागा कशी असावी, आसन कसे असावे, शरीर कसे ठेवावे, हे सर्व मराठीत, सामान्य माणसाला कळेल असे आले आहे. गीतेच्या त्याच अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन फार चंचल आहे, वाऱ्यासारखे आवरत नाही. श्रीकृष्ण त्याचे म्हणणे खोडून काढीत नाहीत. मन चंचल आहे हे ते मान्य करतात आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. अर्जुनाचे मन जेथे पळत होते, तेथे आपले मन पळाले तर त्यात लाज कसली?

अलीकडच्या काळातील एक उदाहरण मुलांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशात मंडाले येथे झाला. ते मोठे व्यापारी होते. त्यांना अर्धशिशीचा इतका त्रास होता की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले. ऊ बा खिन हे काही संन्यासी नव्हते. ते ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते, संसारी होते आणि नोकरी सांभाळून लोकांना ध्यान शिकवीत. केवळ डोकेदुखी बरी करायला आला असाल तर शिकवणार नाही, असे त्यांनी गोयंकांना प्रथम सांगितले. मन निर्मळ करण्यासाठी या, शरीराचा लाभ आपोआप मागून येईल, असा त्याचा भाव होता. पुढे गोयंका १९६९ मध्ये भारतात आले. १९७६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे धम्मगिरी हे केंद्र सुरू झाले. आपल्या बेल्लमपल्लीहून जवळ म्हणावे असे केंद्र चंद्रपूरजवळ अजयपूर येथे आहे. गोयंका २०१३ मध्ये वारले, पण शिबिरे चालू आहेत. त्यांचे शुल्क घेत नाहीत. जुन्या साधकांच्या दानावर ती चालतात.

आता आरोग्याविषयी. श्वास शांत झाला की हृदयाची धडधड कमी होते, अंग सैल पडते, राग ओसरतो. हा अनुभव कोणालाही पाच मिनिटांत घेता येतो. परंतु ध्यानाने सर्व रोग बरे होतात असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. अमेरिकेतील हृदयरोग संघटनेने २०१७ मध्ये यावरील संशोधन तपासले. ध्यानाचा हृदयाला लाभ होऊ शकतो, पण ते औषधोपचाराच्या जोडीने करावे, त्याच्या ऐवजी नव्हे, असे त्यांचे मत पडले. म्हणून रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

सक्तीच्या प्रश्नाचे उत्तरही अनुभवातून मिळते. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांवर मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्गात ध्यानाचे धडे दिलेल्या मुलांना नेहमीच्या शिक्षणापेक्षा विशेष फायदा झालेला दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. याउलट महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभागाच्या 'मित्र उपक्रमा'त मुलांना आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास पाहणे, शिकवतात. तेथे शिक्षकांनी आधी स्वतः दहा दिवसांचे शिबिर करावे अशी योजना आहे. ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. जो स्वतः बसत नाही, त्याने मुलांना 'बसा' म्हणण्यात अर्थ नाही.

म्हणून आमचे मत असे की शाळेत ध्यान सक्तीचे नसावे, त्याला गुण नसावेत आणि त्याची सुरुवात मोठ्यांनी घरातून करावी. श्वासाला जात नाही, धर्म नाही, मराठी-तेलुगू असा भेदही नाही. ज्याला नामस्मरण प्रिय आहे त्याने नाम घ्यावे, ज्याला आपल्या धर्माची प्रार्थना प्रिय आहे त्याने ती करावी.

सुरुवात करणाऱ्यांसाठी काही सूचना :

१) वेळ ठरवा. सकाळी आंघोळ झाल्यावर, नाश्त्याच्या आधी, ही वेळ उत्तम. ज्यांच्या घरी खाणीतील पाळीची नोकरी आहे, त्यांना घड्याळाची एक वेळ जमणार नाही. त्यांनी 'उठल्यावर' ही वेळ धरावी, मग ते उठणे सकाळचे असो की रात्रपाळीनंतर दुपारचे.

२) सतरंजीवर मांडी घालून बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा. पाठ सरळ, पण ताठर नको.

३) डोळे मिटा. नाकाने श्वास आत येतो, बाहेर जातो, तो फक्त पाहा. श्वास रोखू नका, मोठा करू नका.

४) मन क्रिकेटकडे, परीक्षेकडे, भांडणाकडे जाईल. कळले की स्वतःवर न चिडता परत श्वासावर या. दहा मिनिटांत पन्नास वेळा परत यावे लागले तर पन्नास वेळा सराव झाला असे समजा.

५) पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे पुरे, नंतर दहा. लहान मुलांनी वीस श्वास मोजावेत, तेवढेच पुष्कळ.

६) त्या वेळी टीव्ही आणि मोबाईल बंद, सर्वांचेच.

७) शेवटी मनात सर्वांचे भले चिंतून उठा. ज्याच्याशी कालच भांडण झाले, त्याचेही.

आम्ही स्वतः सुरुवात केली तेव्हा पहिले पंधरा दिवस झोपच येत असे. नंतर शाळेच्या बिलांची आठवण येऊ लागली. पण दोन-तीन महिन्यांनी एक बदल दिसला. वर्गात गोंगाट झाला की ओरडण्यापूर्वी एक क्षण थांबता येऊ लागले. आमच्या समजुतीप्रमाणे आध्यात्मिक उन्नतीची पहिली पायरी हीच. मनात राग उठताना दिसावा आणि जिभेवर येण्याआधी तो थांबावा.

एक सावधगिरीची सूचना. ध्यानात भीती वाटली, रडू आले, तर डोळे उघडावे, पाणी प्यावे आणि घरच्यांशी बोलावे. एखादे मूल सतत उदास असेल, जेवत-झोपत नसेल, तर 'ध्यान कर, बरे वाटेल' म्हणून त्याला गप्प बसवू नका. आम्हाला भेटा, डॉक्टरांना दाखवा. भारत सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठी व तेलुगूतही विनामूल्य मिळते.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस म्हणून जाहीर केला. तो दिवस भाषणांनी साजरा करण्यापेक्षा आजपासूनच घरच्या कॅलेंडरवर खूण करायला लागा. बसलो त्या दिवशी एक टिंब. एखादा दिवस चुकला तर रिकामा सोडा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. विश्वस्त मंडळाला एकच विनंती आहे. प्रार्थनेपूर्वी दहा मिनिटे एक खोली उघडी व शांत राहील अशी व्यवस्था व्हावी. ज्याला यावेसे वाटेल तो विद्यार्थी, शिक्षक किंवा पालक तेथे येऊन बसेल. आम्ही रोज तेथे असू.