भोकं असलेली होडी घ्यावी का?

‘विकणे आहे : मासेमारीची कयाक. दोनच हंगाम वापरलेली. वल्ह्यासकट ४०० डॉलर.’

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहरात अशी जाहिरात दिसली की पोरांचे डोळे लकाकतात. त्यात मराठी पोरंही आलीच, कारण या शहरात आपली कुटुंबं बरीच आहेत. गॅल्व्हेस्टनचा उपसागर तिथून तासाभराच्या रस्त्यावर. पाणी उथळ, बऱ्याच ठिकाणी जेमतेम दोन मीटर. मोठ्या बोटीचा तळ जिथे वाळूला लागतो, तिथे कयाक खुशाल शिरते. इंजिन नाही, त्यामुळे आवाज नाही. रेडफिश मासा बिचारा बेसावध! शिवाय टेक्सासमध्ये १७ वर्षांच्या आतल्या मुलांना गळ टाकायला परवाना लागत नाही. अडचण एकच. नवी चांगली कयाक सहज हजार डॉलरच्या वर जाते. मग ही चारशेवाली घ्यायची का?

कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं सीलचं कातडं. शिकारी स्वतःच्या हातांच्या, कमरेच्या मापाने ती बनवून घेई. दुसऱ्याची कयाक घेणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालण्यासारखंच! आजची मासेमारीची कयाक मात्र बहुधा पॉलिथिलीन या प्लॅस्टिकची असते. साच्यात प्लॅस्टिकची पूड घालायची आणि साचा तापवत गोल गोल फिरवायचा. आतून सगळीकडे सारखा थर बसतो आणि एकसंध, पोकळ वस्तू तयार होते. आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा अशीच बनते. त्या टाक्या पुष्कळदा काळ्या का असतात? त्यात काजळीसारखा कार्बन घातलेला असतो. तो उन्हातले अतिनील किरण अडवतो. नाहीतर ते किरण प्लॅस्टिकला हळूहळू ठिसूळ करतात.

कयाक मात्र लाल, पिवळी, हिरवी. तिला पाण्याने काही होत नाही. तिला ऊन खातं. म्हणून ‘दोनच हंगाम वापरली’ या वाक्यावर फार भाळू नका. दोन हंगाम पाण्यात आणि उरलेली आठ वर्षं अंगणात उन्हात पालथी, असंही असू शकतं. वय कळायची एक युक्ती आहे. अमेरिकेत बनलेल्या कयाकच्या मागच्या टोकाला, उजव्या बाजूला बारा अक्षरा-आकड्यांचा क्रमांक कोरलेला असतो. त्यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे तिचं वर्ष. १६ असेल तर २०१६. टेक्सासमध्ये नुसत्या वल्ह्याने चालणाऱ्या कयाकची नोंदणी करावी लागत नाही, म्हणजे मोटारीसारखी कागदपत्रं नाहीत. हा क्रमांक हाच तिचा जन्मदाखला. तो खरवडलेला असेल तर चोरीचा माल समजा आणि घरी या.

मग झाकण उघडून आतला रंग बघा. आत गडद आणि बाहेर फिकट असेल, बोट फिरवल्यावर खडूसारखी भुकटी लागत असेल, तर उन्हाने आपलं काम केलेलं आहे. माठ घेताना आई टिचकी मारून बघते, तसं इथे चालत नाही. अंगठ्याने दाबून बघा. चांगलं प्लॅस्टिक किंचित वाकून पुन्हा जागेवर येतं.

आता भोकांची गंमत. मासेमारीच्या बहुतेक कयाकमध्ये आपण आत नाही, वर बसतो. बसायच्या जागेत चार-सहा भोकं असतात, थेट तळापर्यंत आरपार! तरी ती बुडत नाही. कारण ही भोकं म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेल्या नळ्या आहेत. नळीतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच चढतं, आणि बसायची जागा त्याहून उंच असते. लाटेचं पाणी वर आलं तरी नळीतून खाली जातं. पण वजन वाढलं की कयाक खोल जाते. शंभर किलो भार असेल तर शंभर किलो पाणी बाजूला सारावंच लागतं, हे तुम्ही आर्किमिडीजच्या धड्यात वाचलं असेल. भार फार झाला तर त्याच भोकांतून पाणी वर येतं. म्हणून कयाकची वजनाची मर्यादा विचारा, आणि त्यात स्वतःबरोबर बर्फाची पेटी, गळ, डबा, पाण्याच्या बाटल्या सगळं धरा.

नेमक्या याच नळ्यांच्या कडेला जुन्या कयाक तडकतात. किनाऱ्यावरून ओढण्यासाठी चाकांच्या गाडीचे दांडे त्या भोकांत घालतात, आणि सगळा ताण तिथे येतो. ही चीर केसाएवढी असते, पण पाणी थेट पोकळ पोटात शिरतं. वर बसलेल्याला पत्ताच नाही! आत साठलेलं पाणी वळताना एका बाजूला धावतं आणि कयाक उलटते. तेही किनाऱ्यापासून लांब. गोंदाने ही चीर बुजत नाही, कारण पॉलिथिलीनला साधा गोंद चिकटत नाही. तापवून तेच प्लॅस्टिक जोडावं लागतं. चिरेवर डिंकासारखा थापा दिसला तर माझं तरी मत सरळ ‘नको’ असं आहे.

तळावरचे ओरखडे मात्र मनावर घेऊ नका. आत गेलेला खड्डाही उन्हात ठेवल्यावर पुष्कळदा भरून येतो. गंजलेले स्क्रू, झाकणाची सुकलेली रबरपट्टी, तुटका गळ-अडकवणा, ही सगळी घासाघिशीची कारणं.

पालकांनो, पैसे देण्याआधी कयाक पाण्यात घालून बघाच. विकणारा ‘कशाला, चांगलीच आहे’ म्हणाला तर नमस्कार करून निघा. अर्धा तास वल्हवून झाल्यावर ती किनाऱ्यावर आणा, एक टोक उचला आणि दुसऱ्या टोकाचं बूच काढा. चमचाभर पाणी निघालं तर बहुधा झाकणातून झिरपलं असेल. तांब्याभर निघालं तर चीर शोधा. १३ वर्षांच्या आतल्या मुलांनी छोट्या बोटीत जीवरक्षक जाकीट घालायलाच हवं, असा टेक्सासचा कायदा आहे. पण ते मोठ्यांनीही घालावं. आणि ते जुनं घेऊ नये.

शेवटची परीक्षा मुलांनी द्यायची. कंबरभर कोमट पाण्यात, जाकीट घालून, मोठं माणूस शेजारी असताना मुद्दाम पाण्यात पडायचं. आणि कोणाच्याही मदतीशिवाय पुन्हा वर चढायचं. कयाक उलटीच राहते, सुलटी करता येत नाही, की चढताना पुन्हा पुन्हा कलंडते? मग ती कितीही स्वस्त असो, तुमच्या अंगाला ती मोठी आहे. जमलं, तर ओल्या कपड्यांनीच किमतीचं बोलणं सुरू करा. साडेतीनशेपासून.